टेम्पो अजून यायचाय

मी ज्या राज्यात राहते तिथं मला मत नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. आमच्या घरात मत देण्याचा हक्क असलेला माणूस एकच, आणि त्या वर्षी तो चार वर्षांचा होता. डाव्या पायातला बूट उजव्या पायात घालायचा. तिथं जन्मला म्हणून तिथला नागरिक. आम्ही दोघं नुसते कामाला आलेले. पेनसिल्व्हेनिया हे नाव त्याआधी माझ्या माहेरी, नांदूरघाटात कुणी ऐकलं असेल तर ते आमच्याच घरी, आणि आईला ते कधी धड म्हणता आलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायच्या भानगडीतच पडले नाहीत. ते म्हणायचे, "तुझं राज्य." तुझ्या राज्यात पाऊस हाय का? तुझ्या राज्यात ज्वारी मिळती का? राज्य माझं, आणि तिथं मला साधा पंचायतीचा मेंबर निवडता येत नाही, याचं अप्पांना लई हसू यायचं.

कोरोनाच्या वर्षी या माझ्या राज्यानं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवला. ती मोजणी मी नांदूरघाटच्या आमच्या किराणा दुकानात, गुळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर बघितली. गंमत म्हणून नाही. माझं पोरगं माझ्याजवळ कधी येणार, ते त्या मोजणीवर ठरणार होतं.

झालं असं की फेब्रुवारीत अप्पांच्या छातीत दुखलं. लातूरला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि मी धावत आले. तीन आठवड्यांसाठी. पोराला आणलं नाही, कारण नेमक्या तेव्हा माझ्या सासूबाई पालीहून आमच्याकडे अमेरिकेला आलेल्या होत्या आणि पोरगं त्यांना चिकटलेलं होतं. माझ्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपला होता. परत जाताना मुंबईत नवा मारून घ्यायचा, आठ दिवसांचं काम, सगळेच असं करतात. मार्चात मुंबईचं ते अमेरिकेचं व्हिसाचं ऑफिस बंद झालं, विमानं बंद झाली, आमची केजला जाणारी एसटीसुद्धा बंद झाली. झालं! सून माहेरी नांदूरघाटला आणि सासू सुनेच्या घरी अमेरिकेत. "सासूला संसार सांभाळाय लावला आन् सोता माहेरी बसली, पोरगी हुशार हाय," असं गल्लीतल्या बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या. मीही हसायचे. पहिले दोन महिने हसले.

मग उन्हाळ्यात तिकडच्या राष्ट्राध्यक्षानं हुकूम काढला की आमच्यासारख्यांना नवा शिक्का द्यायचा नाही. आधी वर्षअखेरपर्यंत, पुढचं पुढं बघू. निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला म्हणत होता, मी आलो की हा हुकूम काढून टाकीन. दोघांतल्या एकाचंही माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण माझं सगळं त्या दोघांतच अडकलं होतं.

पोरगं आधी फोनवर रडायचं. मग रडायचं थांबलं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. पुढं पुढं ते फोन दिसला की पळायला लागलं. सासूबाई त्याला धरून आणायच्या, "आई बघ, आई बघ," आणि ते माझ्याकडं न बघता हातातली गाडी सोफ्यावर फिरवत राहायचं. एकदा त्यानं आजीला विचारलं, आई फोनमध्येच राहते का? सासूबाईंनी ते मला हसत हसत सांगितलं. मी फोन ठेवला आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिकाम्या पोत्यांवर बसून हमसून हमसून रडले. आई आली, शेजारी बसून पोत्यांच्या नीट घड्या करत राहिली.

कुणीतरी मला समजवायला म्हणालं, अगं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहा-सहा महिने लेकरं म्हातारीपाशी टाकून जातात, तुझंच काय नवल? ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला राग आला.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. आमचं दुकानदाराचं घर. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय गल्ला उघडायचा नाही. राजकारणाशी आमचं काही नातं नाही. पण अप्पा मोजणीला बसणारे. केजला मतमोजणी असली की उमेदवार आपापली माणसं जाळीपलीकडं टेबलांसमोर बसवतात, मशीनवरचा आकडा नीट वाचला जातो का ते बघायला. अप्पा तिथं वर्षानुवर्षं बसले. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, म्हणायचा, अप्पांना बसवा. कुठल्या फेरीत कुठल्या गावची मशीन निघणार ते त्यांना पाठ असायचं आणि चौथ्या-पाचव्या फेरीलाच ते सांगायचे, कोण येणार. बाहेर गुलाल घेऊन उभी असलेली पोरं आकड्यांकडं बघायचीच नाहीत, अप्पांच्या तोंडाकडं बघायची. अप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं की समजायचं, गुलालाचं पोतं बांधा आणि घरी चला.

एकदाच ते स्वतः उभे राहिले, ग्रामपंचायतीला. थंडीतली निवडणूक, अर्धा वॉर्ड कर्नाटकात ऊस तोडायला गेलेला. मतदानाच्या दिवशी कोण आलं, कोण नाही याचा अप्पांनी हिशेब मांडला आणि दुपारी चारलाच सांगून टाकलं, आपण आलो. आईनं पेढ्यांसाठी खवा आणायला माणूस धाडला. मतदान संपायला थोडा अवकाश असताना शाळेच्या फाटकातून एक टेम्पो आत शिरला. समोरच्या उमेदवारानं थेट कारखान्यावरून मजूर भरून आणले होते. वेळ संपायच्या आत जो रांगेत उभा राहिला तो मत देणार, असा नियमच आहे. टेम्पोतून माणसं उतरत राहिली, बायका उतरत राहिल्या, आणि अप्पा पडले. खवा आम्ही पुरवून पुरवून खाल्ला. तेव्हापासून आमच्या घरी कुणी वेळेआधी आनंद करायला लागलं की आई म्हणते, थांबा, टेम्पो अजून यायचाय.

ऑक्टोबरच्या शेवटी नवऱ्याचा फोन आला. सासूबाईंची तिकडं राहायची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली होती. परदेशात अडकलेल्यांना भारतात आणणारी खास विमानं सुरू झाली होती, त्यांतल्या एकात त्यांना जागा मिळाली. निवडणुकीच्या आठवड्यातल्या शनिवारचं विमान. प्रश्न असा, की पोराला त्यांच्याबरोबर पाठवायचं का? आम्ही दोघांनी लई वेळ बोलून एक गोष्ट ठरवली. नवा माणूस आला तर हुकूम उठेल, नवीन वर्षात मीच तिकडे जाईन. मग रोगाच्या दिवसांत एवढ्याशा लेकराला दोन विमानतळांवरून कशाला ओढायचं? पण जुनाच परत आला तर माझं येणं संपलं. मग पोराला आजीबरोबर पाठवायचं, आणि नवरा नोकरी सोडून, घर आवरून मागून येणार. शनिवारच्या आत कळायला हवं होतं. आणि बाकीची राज्यं इकडची इकडं, तिकडची तिकडं ठरल्यासारखी होती. जी चार-पाच अडली होती त्यांत सगळ्यांत मोठं आमचंच.

अप्पांना मी समजावून सांगितलं की राज्यात जो पुढं राहील त्याला त्या राज्याची सगळी मतं जातात, वाटून मिळत नाहीत. त्यांना ते एका झटक्यात कळलं. म्हणाले, "सोसायटीच्या पॅनलवानी. पॅनल आलं की समदंच आलं." मग बनियनवर उपरणं टाकून, चष्मा पुसून ते मोजणीला बसले.

बुधवारी सकाळी आम्ही दुकान उघडलं तेव्हा तिकडं मंगळवारची रात्र होती आणि नुकतीच मोजणी लागली होती. दुकानात त्या आठवड्यात गर्दी; ऊसतोडीच्या शेवटच्या गाड्या निघायच्या होत्या. साखर, चहा, तिखट, मीठ, काडेपेटी बांधून देता देता अप्पा एक डोळा मोबाइलवर ठेवून होते. एका मुकादमानं विचारलं, "अप्पा, कुटली इलेक्शन हो?"

"अमेरिकेची."

"आपला कोन हाय तिच्यात?"

"आपली ही हाय," अप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले. मुकादमानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, मग येऊ द्या ताईला निवडून.

दुपारपर्यंत आमच्या राज्यात जुना माणूस पुढं गेला. थोडाथोडका नाही, लाखांनी. अप्पांनी नकाशावर एकेक जिल्हा मला दाखवायला लावला. हा कसला? शेतीचा. हा? कोळशाच्या खाणींचा. तुझं गाव कुटं? मी नदीकाठचा एक ठिपका दाखवला. मोठं शहर कुटलं, फिलाडेल्फिया? त्याचं किती झालं? संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्यांनी टोपी काढली आणि उपरण्यानं डोकं पुसलं.

"गेलं, बाई," ते म्हणाले. "येवढं लीड तुटत नसतंय."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, अजून टपाली मतं मोजायची आहेत म्हणतात, त्यांच्यात बदलू शकतं. अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"पाव्हनं, टपाली मतं सकाळी आठलाच मोजून व्हत्यात. पयल्या अर्ध्या तासात. मूठभर असत्यात, मास्तर लोकांची आन् पोलिसांची. त्येच्यानं कुटं निकाल फिरतो का?"

नवऱ्यानं "हो अप्पा" म्हटलं. सासऱ्याशी, तेही मोजणीच्या विषयात, कोण वाद घालणार? आपल्याकडं टपाली मतं आधीच मोजतात, आणि असतात ती चिमूटभरच. तिकडंही तसंच असणार असं अप्पांनी धरलं. मीही धरलं.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. निवडणूक गेली, माझं अमेरिकेत परत जाणं गेलं, नवऱ्याची नोकरी जाणार, सगळा मांडलेला संसार मोडणार, आणि मला आनंद झाला. कारण पोरगं येणार होतं. दिवाळीच्या आत येणार होतं! मी नवऱ्याला म्हटलं, पाठव त्याला. रात्री आईनं चकलीच्या भाजणीचं काढलं. तिनं त्या दिवशी टेम्पोचं नाव घेतलं नाही. तिलाही नातू हवाच होता, बाळंतपणाला येऊन तिनं त्याला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. अप्पांनी मात्र त्याला फोनवरच बघितलेलं. दुकान सोडून ते तेव्हा आले नव्हते.

गुरुवारी सकाळी अप्पांनी सासूबाईंना फोन लावायला सांगितला. दोघं एकमेकांशी कधीच फारसं बोलत नाहीत, व्याही-विहीण आदबीनंच असतात. तिकडं अजून बुधवारची रात्र, पोरगं झोपलेलं. अप्पा म्हणाले, "ताई, त्येचा गुडघ्यापासून टाचंपर्यंत पाय मोजून सांगा जरा."

सासूबाईंनी झोपलेल्या पोराचा पाय वितीनं मोजला. "एक वीत आन् वर दोन बोटं."

"वीत तुमची लहान असंल."

"लहानच हाय. मग बोटभर कमी धरा."

अप्पा वेल्डिंगवाल्याकडं गेले, दोन साखळ्या आणि घासलेली फळी घेऊन आले, आणि शेडच्या लोखंडी पाइपला झोका टांगला. फळी किती उंच ठेवायची ते बोटांनी मोजून ठरवलं. पोराला स्वतः चढता आलं पाहिजे आणि बसल्यावर पाय मोकळे लोंबकळले पाहिजेत. छातीत नळी टाकलेला माणूस शिडीवर चढलेला बघून आईनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. अप्पा वरूनच म्हणाले, "तू गप बस गं, लेकरू काय रोज येतंय का?"

दुपारी जेवून ते पुन्हा मोबाइलसमोर बसले, ते नुसतंच, सवयीनं. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "हे बग. लीड कमी व्हतंय."

मी म्हटलं, होतंच असतं थोडं.

"थोडं न्हाई. एकसारखं व्हतंय. दर खेपंला तेवढंच तुटतंय." ते बराच वेळ बघत राहिले. पाव किलो शेंगदाणे मागायला आलेल्या बाईला त्यांनी तूरडाळ बांधून दिली. मग म्हणाले, "त्यांची ती टपाली पाकिटं कवा फोडत्यात ते वाच बरं."

मी शोधून वाचलं. रोगाच्या भीतीनं त्या वर्षी लोकांनी घरी बसूनच मतं टपालानं पाठवली होती, मूठभर नव्हे, लाखोंनी. आणि आमच्या राज्याचा कायदा असा की मतदानाचा दिवस उजाडल्याशिवाय ती पाकिटं उघडायचीच नाहीत. म्हणून मशीनची मोजणी आधी झाली आणि पाकिटं मागं राहिली. त्यातली सगळ्यांत जास्त फिलाडेल्फियात, आणि ते शहर नव्या माणसाच्या बाजूचं.

अप्पांनी चष्मा काढला. "म्हंजी टेम्पो अजून यायचाय," ते म्हणाले.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही काल छातीठोक सांगितलं ना, गेलं म्हणून? मग गेलं! आता कावून उकरताय? तिकीट काढलंय, झोका टांगलाय, आई भाजणी करून बसलीय. तुम्हाला नातू नको आहे का? दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती त्यांची मला शुद्ध नव्हती. अप्पांनी त्यांना आधी त्यांचं सामान दिलं. ती गेल्यावर म्हणाले, "मला नातू नको व्हय गं? पर मोजणीला बसल्यावर आपल्या बाजूनं मोजायचं नसतंय, माय."

मी आत निघून गेले. संध्याकाळी जेवले नाही. तिकडं एवढ्या लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरात बसून पाकिटं भरली होती, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. माझ्याच बाजूनं मतं देणाऱ्यांचा मला राग येत होता, म्हणजे काय म्हणावं याला!

शुक्रवारी दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. फरक घसरत घसरत लाखाचा हजारांवर आला. दिवेलागणीला आई देवघरात होती, विभूतीची डबी उघडल्याचा आवाज आला, आणि अप्पांनी मला हाक मारली. नवा माणूस पुढं गेला होता. थोड्याच मतांनी, पण पाकिटं अजून बाकी होती आणि ती कुणाची ते आता सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी टोपी काढली नाही. हाताची घडी घालून बसले.

तिकडं सकाळ होती. नवऱ्याचा फोन आला. व्हिडिओवर सासूबाईंच्या बॅगा दाराशी लावून ठेवलेल्या दिसत होत्या. त्यांच्या शेजारी पोरगं उभं होतं, पाठीला आपली छोटी पिशवी अडकवून. विमान दुसऱ्या दिवशीचं, तरी त्यानं ती सकाळपासून काढलेलीच नव्हती. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोललं. म्हणालं, "आई, मी येतोय. आजोबांनी झोका केलाय ना?"

नवरा म्हणाला, बोल, काय करायचं?

मी अप्पांकडं बघितलं. मनात म्हणत होते, म्हणा, येऊ दे म्हणा, तुम्ही म्हणालात तर कुणी काही बोलणार नाही. अप्पांनी शेडकडच्या दारातून बाहेर बघितलं, मग माझ्याकडं.

"ऱ्हाऊ दे म्हनावं तिकडंच," ते म्हणाले. "आता तूच जाशील. दोन महिन्यांचा सवाल हाय. लेकराला रोगात कशाला आनायचं?"

हिशेब बरोबर होता. नवराही तेच म्हणत होता, ठरलंही तेच होतं. मी म्हटलं, ठेव मग त्याला. फोनवर पुढं काय झालं ते मी बघितलं नाही, मी फोन आईच्या हातात दिला.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तिकडच्या टीव्हीवाल्यांनी जाहीर केलं, माझं राज्य नव्या माणसाकडं गेलं, आणि त्या राज्यानं तो राष्ट्राध्यक्ष झाला. समोरचा चहावाला ओरडत आला, "अप्पा, आपलं राज्य आलं!" कुठून कुणास ठाऊक, त्यानं पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले. मीही एक खाल्ला. तो चांगला होता.

सासूबाई एकट्या आल्या. क्वारंटाइन संपल्यावर मी त्यांना भेटायला पालीला गेले. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पोराची ती छोटी पिशवी माझ्या हातात दिली. त्यानं हट्टानं बरोबर दिली होती, मी नाही तर माझी पिशवी तरी ने म्हणून. आत तीन रंगखडू, एक चाक नसलेली गाडी आणि एक केळं होतं. केळं काळं पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, मला टाकवेना गं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं काही नाही, नुसतं थांबणं आहे. जुन्या माणसानं जाता जाता हुकूम आणखी तीन महिने वाढवला. नवा आला, त्यानं तो लगेच काढला नाही, मुदत संपू दिली. मुदत संपली तेव्हा आपल्याकडं दुसरी लाट आली आणि मुंबईचं ऑफिस पुन्हा बंद. मला शिक्का मिळाला तेव्हा श्रावण लागला होता. दोन महिन्यांचे किती झाले ते कुणी मोजायला नको म्हणून आम्ही घरात तो विषयच काढायचो नाही. अप्पांचं निकालाचं गणित चुकलं तेव्हा पोरगं दिवाळीला येणार होतं, आणि बरोबर आलं तेव्हा ते राहिलं. मी एकदा हे बोलून दाखवलं. अप्पा म्हणाले, "मोजणी बरूबर हुती, बाई." मग पुन्हा म्हणाले, "मोजणी तेवडी बरूबर हुती." त्यांचे डोळे भरून आले होते. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तिकडं पोचले तेव्हा विमानतळावर पोरगं बापाच्या पायामागं लपलं. रात्री झोपताना मात्र येऊन माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि हात तिथंच ठेवून झोपलं.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं इकडं आलो नाही. शिक्का पुन्हा संपला होता. पुन्हा मुंबईत अडकलो तर, ही भीती. मधे एक निवडणूक झाली. त्याच राज्यानं यावेळी जुन्याला निवडलं, आणि तेही फार न ताणता. अप्पांचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "पाकिटं फोडली का समदी?" मी हो म्हटल्यावरच ते पुढचं बोलले. कोण आलं, कोण गेलं याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, मग तुमचं कवा व्हतंय यायचं?

कागदपत्रांचं एकदाचं जमलं आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं आलो. गाडी दुकानासमोर थांबली. अप्पा ओट्यावर उभे होते, टोपी घालून. पोरगं उतरलं, वाकून पाया पडलं, मी शिकवून ठेवलं होतं तसं. अप्पांनी त्याला धरलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि हात खाली आला तो त्यांच्या स्वतःच्या छातीपाशी. पोरगं तिथवर आलं होतं. "आरं बापरे," एवढंच ते म्हणाले.

पोराला सगळं आठवत होतं की आम्ही सांगून सांगून आठवायला लावलं होतं, माहीत नाही. त्यानं विचारलं, "आजोबा, माझा झोका?"

अप्पा त्याला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेले. झोका तसाच होता. आईनं सांगितलं, दर दिवाळीला ते साखळीला तेल देतात. दुसऱ्या कुणाच्या लेकराला त्यांनी त्यावर बसू दिलं नव्हतं. पोरगं फळीवर बसलं. त्याचे गुडघे वर पोटाशी आले आणि तळवे जमिनीला सपाट टेकले. त्यानं झोका घ्यायला पाहिलं, पण पाय घासायला लागले. तो आमच्याकडं बघून हसला, आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटून, आणि पाय दुमडून अंगाशी धरले.

अप्पा त्याच्यासमोर खाली बसले. त्यांनी वीत पसरून त्याचा पाय मोजला, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. मग पाय तसाच हातात धरून माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिडी आन गं. लई कड्या कमी कराव्या लागत्यात."